कुलूप, मोर्तब आणि परवलीचा शब्द : रोहण्याच्या दफ्तराची एक हकीकत

रोहणा हे वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातील, पुलगाव आणि आर्वी यांना जोडणाऱ्या वाटेवरचे गाव. इतिहासग्रंथांनी त्याची दखल फारशी घेतलेली नाही, आणि ज्या जुन्या गॅझेटियरांनी घेतली त्यांनीही ती एका किल्ल्यावर व त्या किल्ल्याच्या धन्यावर आटोपलेली आहे. परंतु त्या मोजक्या ओळींतच आमच्या प्रस्तुत विषयाचे बीज आहे. कारण किल्ला बांधणारे कृष्णाजी शिंदे हे स्वारांचे पथक पदरी बाळगण्याच्या शर्तीवर रोहणा व भोवतालची काही गावे नागपूरकर भोसले आणि हैदराबादचा निजाम अशा दोन्ही सरकारांकडून उपभोगीत होते, असे त्यांत नमूद आहे. वऱ्हाडात तेव्हा दुअमल चालू होता. महसुलाचे ६० हिस्से निजामाचे आणि ४० हिस्से भोसल्यांचे, अशी ती ढोबळ वाटणी होती. एका पिकावर दोन सरकारांचा हक्क लागला म्हणजे एका हिशेबाला दोन वाचक होतात, आणि दोन वाचक झाले की कोणी काय पाहावे, कोणी काय लिहावे आणि कोणाला कशाची बंदी असावी, हा प्रश्न त्या हिशेबाच्या पाठोपाठ दफ्तरात शिरल्यावाचून राहत नाही.

हाच प्रश्न आज त्या परिसरातील सेवा सहकारी सोसायटीच्या गटसचिवापुढे, शाळेच्या लिपिकापुढे किंवा ग्रामपंचायतीच्या संगणकचालकापुढे एका लहानशा चौकटीच्या रूपाने उभा राहतो. ती चौकट पासवर्ड मागते, आणि तो मिळेपर्यंत तक्त्यांची फाईल उघडत नाही. फाईल उघडणारा माणूस असेल तर प्रश्न सोपा आहे; परंतु उघडणारा माणूस नसून मॅक्रो असेल, म्हणजे हुकमांची अशी लेखी यादी असेल की जी संगणकाने धन्याच्या गैरहजेरीत, न थकता आणि न विचारता पार पाडावयाची आहे, तर त्या यादीच्या हाती किल्ली कोणी, कशी आणि कोठवर द्यावी? आजचे तंत्रज्ञ या प्रश्नाला नवा समजतात. माझ्या मते तो दफ्तराइतकाच जुना आहे. आणि जुन्या लोकांनी त्याची जी उत्तरे काढली, त्यांतील एक महत्त्वाचा भेद आपण मधल्या काळात हरवून बसलो आहोत. तो भेद कुलूप आणि मोर्तब यांच्यातला होय.

मराठी राज्यातील कागदपत्रांची रीत पाहिली तर कुलुपापेक्षा शिक्क्यावर तिचा भर अधिक दिसतो. पत्र लिहून पुरे झाले की मजकूर जेथे संपला तेथे मोर्तबाची लहान मोहोर उठे. तिचा हेतू एवढाच की, या मर्यादेपुढे कोणी एक अक्षरही वाढवू नये. कागदाला कागद डकवून लांब बंद केलेला असेल तर मागील अंगास सांध्यावर शिक्का मारीत, म्हणजे मधला कागद काढून दुसरा घालणाऱ्याची लबाडी सांध्यावरच उघडी पडे. यांपैकी कशानेही मजकूर झाकला जात नव्हता. पत्र कोणीही वाचावे. बदलू मात्र नये, आणि बदललेच तर ते लपू नये, एवढीच मोर्तबाची प्रतिज्ञा होती. झाकण्याचे काम दुसऱ्याच साधनांकडे असे. हेरगिरीच्या पत्रांत सांकेतिक अक्षरे येत, गडाच्या दरवाजाला अडसर असे, छावणीच्या पहाऱ्याला परवलीचा शब्द असे. त्या व्यवहारात चुकीचा शब्द उच्चारणाऱ्याला आत घेत नसत, आणि आत आलेल्यावर मग शब्दाचा काही अंमल उरत नसे. कुलूप उंबरठ्यावर, मोर्तब मजकुरावर, अशी ही विभागणी होती.

किल्ली एकाच हाती राहू नये याचीही जाणीव त्या काळाला पुरेपूर होती. शिवछत्रपतींनी प्रत्येक गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे समान दर्जाचे तीन अधिकारी ठेवले, ही गोष्ट सभासदाच्या बखरीमुळे सर्वश्रुत आहे. एकाने फितूर व्हावयाचे ठरवले तरी उरलेल्या दोघांच्या संमतीवाचून त्याचे काही चालू नये, हा त्यामागील हिशेब होता. नागपूरकरांच्या मुलखात गावपातळीवर एवढा बंदोबस्त अर्थातच नव्हता. तेथे गावचा हिशेब पांड्या लिही, रुमालात बांधून आपल्या घरी ठेवी, आणि त्या रुमालाला कुलूप म्हणून काही असेलच तर ते त्याच्या मोडी अक्षराच्या वळणाचे असे. सही पांड्याची, अक्षर पांड्याचे, घर पांड्याचे. जमाबंदीच्या वेळी वरून आलेल्या कमाविसदाराला त्याच्यावाचून गत्यंतर नव्हते. जो दफ्तर राखतो तोच त्याची किल्ली होऊन बसतो, आणि अशा किल्लीची दुसरी प्रत करता येत नाही. हा धोका पुढच्या इंग्रज राज्यकर्त्यांनी ओळखला.

१८०३ च्या देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला आणि नदी ही सरहद्द झाली. १८५३ च्या अखेरीस तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, आणि त्याबरोबर नागपूरचे राज्यही संपले. १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला, १८६२ मध्ये नागपूरपासून वर्धा जिल्हा वेगळा काढला गेला, आणि १८६६ मध्ये त्याचे मुख्य ठाणे पुलगावाजवळच्या कवठ्याहून पालकवाडीच्या जागी वसवलेल्या वर्धा शहरात आले. याच सुमारास रिव्हेट-कार्नाक या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली जिल्ह्याचा पहिला बंदोबस्त झाला. मालगुजार कोण, कुळे कोणती, कोणत्या शेताचा आकार किती, गावाचा वहिवाट-रिवाज काय, हे सगळे आता पांड्याच्या, म्हणजेच पटवाऱ्याच्या, एकट्याच्या रुमालात न राहता बंदोबस्ताच्या मिसलीत उतरले, आणि मिसल सरकारच्या अभिलेखकक्षात दाखल झाली. पटवारी बदलला, मेला किंवा रुसला तरी गावाचे हक्क ज्यात लिहिलेले ते दफ्तर वाचता यावे, हा या नकलांचा खरा उपयोग. इंग्रजी अमलाने शेतकऱ्याचे काय भले केले आणि काय बुडवले याची चर्चा येथे करण्याचे कारण नाही. कारकुनीच्या दृष्टीने पाहता, नक्कल हा त्याने बसवलेला मोठा पायंडा होता.

दुसरा पायंडा तहसिलीच्या उपकोषागारातला. ज्यांनी जुन्या कोषागारांत नोकरी केली आहे त्यांना 'डबल लॉक' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. इतरांसाठी त्याचा तपशील थोडा विस्ताराने देतो, कारण आमच्या विषयाला इतका जवळचा दुसरा दाखला मला ठाऊक नाही. खजिन्याच्या दाराला दोन कुलुपे असत. एकाची किल्ली कोषागार अधिकाऱ्याजवळ, दुसऱ्याची खजिनदाराजवळ. एकाची किल्ली दुसऱ्याच्या कुलुपाला लागत नसे, आणि दोघे समक्ष हजर असल्याशिवाय दार उघडत नसे. शिलकी रोकड आणि मुद्रांकांचा मोठा साठा या दुहेरी कुलुपात राही. रोजच्या व्यवहाराला लागेल तेवढाच ऐवज मोजून बाहेर काढीत, नोंदवहीत त्याची नोंद करून अधिकारी सही करी, आणि तेवढा ऐवज खजिनदाराच्या एकट्याच्या ताब्यातील 'सिंगल लॉक'मध्ये जाई. संध्याकाळी शिल्लक मोजून पुन्हा रुजुवात होई. कुलुपांच्या दुसऱ्या किल्ल्या त्याच इमारतीत न ठेवता मोहोरबंद करून दुसऱ्या कोषागारात अनामत ठेवण्याची शिस्त होती, म्हणजे एखादी किल्ली हरवली तर दार फोडावे लागू नये आणि चोराला मात्र दोन गावे पालथी घालावी लागावीत.

या व्यवस्थेची खुबी कुलुपाच्या भक्कमपणात नव्हती. १८९७ मध्ये मुंबईस अर्देशिर गोदरेज यांनी देशी कुलुपांचा कारखाना काढला तेव्हापासून भक्कम कुलुपे इकडेही मिळू लागली. पण कोषागाराची खरी भिस्त पोलादावर नसून एका साध्या विचारावर होती. रोजचे काम करणाऱ्याच्या हाती रोजच्या कामापुरतेच द्यावे, आणि जे द्यावे त्याची लेखी नोंद असावी. मॅक्रोला पासवर्ड देताना नेमका हाच विचार लागतो, आणि नेमका तोच बहुधा सुटतो.

मधला काळ भराभर ओलांडतो. १९१७ मध्ये पुलगाव ते आर्वी ही अरुंद रुळांची आगगाडी सुरू झाली, तिचे एक स्थानक रोहण्याच्या नावाचे होते, आणि कापसाबरोबर बिल्टी, पावती, वजनाचा काटा असा नवा कागद गावात आला. १९५१ च्या ३१ मार्चपासून मध्यप्रदेश शासनाच्या कायद्याने मालगुजारी संपली. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. आणि १९६६ च्या महसूल संहितेनंतर खसऱ्याच्या जागी सातबारा हा शब्द वर्ध्याच्या शेतकऱ्याच्याही तोंडी बसला. सहकारी सोसायट्यांनी कीर्द, खतावणी आणि कर्जरोखे यांचा स्वतंत्र ढीग उभा केला. हे सगळे कागद लोखंडी कपाटात राहत, आणि कपाटाची किल्ली सचिवाच्या जानव्याला किंवा करगोट्याला, हा माणूसपरत्वे फरक.

मग तक्ता संगणकावर गेला. १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँक्स्टन यांनी व्हिजिकॅल्क हा वैयक्तिक संगणकावरचा पहिला तक्ता बाजारात आणला, १९८३ मध्ये लोटस १-२-३ आला, १९८५ मध्ये मायक्रोसॉफ्टचा एक्सेल प्रथम मॅकिंटॉशवर अवतरला, आणि १९९३ च्या पाचव्या आवृत्तीत त्याला व्हिज्युअल बेसिकची भाषा जोडली गेली, जिच्यात आजही बहुतेक मॅक्रो लिहिले जातात. उभे रकाने, आडव्या ओळी, तळाशी बेरीज. जमाबंदीचा कागद पाहिलेल्या माणसाला यात परके असे काही वाटले नाही. फरक एवढाच की कागदावर खाडाखोड दिसते आणि येथे ती दिसत नाही. ज्या सांध्यावर शिक्का मारावा असा सांधाच या माध्यमाला नव्हता, म्हणून तो कृत्रिम रीतीने निर्माण करावा लागला, आणि येथेच घोटाळ्याला आरंभ झाला.

एक्सेलमध्ये पासवर्ड या एकाच नावाखाली निदान चार निराळ्या गोष्टी नांदतात. फाईल उघडण्याचा पासवर्ड हे खरे कुलूप; तो नसेल तर आतील मजकूर सांकेतिक रूपात बंद राहतो. त्याच फाईलीत बदल करून ती त्याच नावाने जतन करण्याचा पासवर्ड वेगळा असतो. तो नसला तरी वाचता येते. पानाचे संरक्षण, म्हणजे ज्याला 'शीट प्रोटेक्ट करणे' म्हणतात, ते तिसरे. आणि मॅक्रोच्या मजकुरावरचा पासवर्ड हे चौथे. यांतले पहिले कुलूप आणि तिसरे निव्वळ मोर्तब होय. पानाचे संरक्षण मजकूर लपवीत नाही, ते फक्त बजावते की येथे हात लावू नये. परंतु दोन्ही ठिकाणी तीच चौकट, तीच ताऱ्यांची रांग, त्यामुळे वापरणाऱ्याची समजूत अशी होते की आपण दोन्ही वेळा कुलूपच लावले.

हे मोर्तब किती कच्चे होते, त्याची कथा ऐकण्यासारखी आहे. २०१० पर्यंतच्या आवृत्त्यांत पानाच्या पासवर्डचा अवघा सोळा बिटांचा गोषवारा साठवला जाई, आणि त्यातून व्यवहारात सुमारे ३२,७६८ वेगवेगळी फलिते निघत. सबब, खरा शब्द कोणताही असो, तेच फलित देणारा दुसरा एखादा निरर्थक शब्द सापडणे काही मिनिटांचे काम होते. आणि ते काम करणारा एक छोटा मॅक्रो जगभरच्या कचेऱ्यांत हातोहात फिरला. २०१३ च्या आवृत्तीने हा गोषवारा पुष्कळ कठीण केला, पण नव्या फाईली मुळात एका आवळलेल्या गाठोड्यात बांधलेले साधे मजकूर असल्याने, गाठोडे सोडून त्यातील संरक्षणाची एक ओळ पुसली की मोर्तब नाहीसे होते, ते होतेच. याहून गमतीची गोष्ट अशी की, एक्सेलच्या पोटातच 'व्हेल्व्हेट-स्वेटशॉप' नावाचा एक पासवर्ड कायमचा कोरलेला आहे. या शब्दाने बंद केलेली फाईल एक्सेल वापरणाऱ्याला काही न विचारता स्वतःच उघडतो. कारागिराने कुलुपातच किल्ली ठेवावी आणि कित्येक वर्षे ती कोणाच्या लक्षातही येऊ नये, यावर मी अधिक काय बोलू?

फाईल उघडण्याच्या कुलुपाची गोष्ट मात्र निराळी. १९९५ पर्यंतच्या आवृत्त्यांत तेही नाममात्रच होते, आणि १९९७ नंतरचे चाळीस बिटांचे संकेतनही आजच्या संगणकापुढे टिकणारे नाही. परंतु २००७ पासून एईएस ही पद्धत आली, आणि एकेक शब्द पडताळून पाहताना संगणकाला हजारो वेळा तेच गणित करावयास लावण्याची युक्ती तिला जोडली गेली. तेव्हापासून लांब व अनपेक्षित शब्दाचे कुलूप तोडणे सामान्य कचेरीच्या आवाक्याबाहेर गेले आहे. जुनी किल्ली हरवली तर लोहार होता. येथे लोहार नाही.

आता मॅक्रोकडे वळू. २०१७ च्या जून महिन्यात महाराष्ट्र शासनाने दीड लाख रुपयांपर्यंतच्या कर्जमाफीची योजना जाहीर केली, आणि पुढच्या काही महिन्यांत 'एक ते सहासष्ट रकान्यांची माहिती' हे शब्द सहकारी बँका आणि सोसायट्या यांच्या कानीकपाळी इतके आदळले की, त्या वर्षीचा गटसचिव ते अद्याप विसरला नसेल. प्रत्येक खातेदाराची एक ओळ, ओळीचे ६६ रकाने, गावोगावची माहिती गोळा करून वर पाठवावयाची, वरून याद्या निघावयाच्या, त्यांपैकी हिरव्या यादीत नाव आले तर पैसे, नाही तर पुन्हा पडताळणी. २०१९ च्या अखेरीस दुसरी योजना आली तेव्हा २८ रकान्यांचा नमुना होता. एकेका गटसचिवाकडे अनेक गावांच्या सोसायट्या. हाताने एकेक फाईल उघडून नकलून घेणे म्हणजे रात्रीचा दिवस. अशा कामासाठीच मॅक्रो असतो, आणि अशा कामातच तो अडतो.

तो कसा अडतो, हे जवळून पाहण्याजोगे आहे. समजा, चाळीस गावांच्या चाळीस फाईली एका फोल्डरमध्ये आहेत आणि त्यांतल्या काही कुलूपबंद आहेत. मॅक्रोला 'वर्कबुक्स.ओपन' हा हुकूम दिला आणि त्यात पासवर्डचा रकाना रिकामा सोडला, तर पहिल्याच कुलूपबंद फाईलीपाशी एक्सेल चौकट दाखवून उत्तराची वाट पाहत थांबतो. रात्री काम लावून घरी गेलेला माणूस सकाळी येऊन पाहतो तो तिसऱ्या फाईलीवर चौकट तशीच उभी आणि अडतीस गावे बाकी. जाणते लोक यावर एक खुबी करतात: पासवर्ड ठाऊक नसला तरी हुकमात मुद्दाम एखादा खोटा शब्द घालतात. फाईल उघडी असेल तर एक्सेल त्या शब्दाकडे दुर्लक्ष करून ती उघडतो. कुलूपबंद असेल तर चौकट न दाखवता १००४ क्रमांकाची चूक परत करतो, ती चूक मॅक्रोने झेलावी, त्या गावाचे नाव एका यादीत टिपून ठेवावे आणि पुढच्या गावाकडे वळावे. सकाळी यादी हाती येते. तेवढ्या फाईलींचे शब्द संबंधितांकडून मागवले म्हणजे झाले. खोटा शब्द देऊन खरी गोष्ट काढून घेण्याची ही रीत गडाच्या पहारेकऱ्यालाही पसंत पडली असती.

पानाच्या मोर्तबाची अडचण याहून सूक्ष्म आहे. मॅक्रोने पानाचे संरक्षण काढावे, आपले लिहावे आणि तेच संरक्षण पुन्हा लावावे, असा सरळ क्रम बहुतेक जण लिहितात. पण मधल्याच एखाद्या रकान्यात, जेथे शून्य हवे तेथे, कोणी कारकुनाने सवयीने 'निरंक' लिहिलेले असते. मॅक्रो त्या शब्दाची बेरीज करू पाहतो, जमत नाही म्हणून तेथेच थांबतो, आणि संरक्षण परत लावण्याची ओळ त्याच्या पुढे असल्याने ती कधी वाचलीच जात नाही. मोर्तब उचकटलेला कागद मग तसाच जतन होऊन वर जातो. म्हणून चूक झाली तरी जाता जाता शिक्का मारूनच बाहेर पडावे, अशी वाट मॅक्रोत आधी बांधून ठेवावी लागते. एक्सेलने याला आणखी एक मार्ग ठेवला आहे: पानाला संरक्षण लावतानाच सांगता येते की, ही बंदी फक्त माणसाच्या हाताला आहे, मॅक्रोला नाही. या मार्गात शिक्का काढावाच लागत नाही. परंतु ही सवलत फाईल बंद होताच विसरली जाते. दर वेळी फाईल उघडताना ती नव्याने द्यावी लागते, आणि हे ठाऊक नसल्याने काल चाललेला मॅक्रो आज का चालत नाही, या विवंचनेत किती जणांच्या दुपारी गेल्या असतील ते देव जाणे. लिबरऑफिसची मॅक्रोभाषा वेगळी आहे, तिच्यातही फाईल उघडण्याच्या हुकमाला पासवर्डचा एक गुणधर्म जोडावा लागतो. नावे बदलतात, पेच तोच.

एक गोष्ट जाता जाता सांगून ठेवतो. एक्सेल पंधरा अंकांपुढची संख्या नीट राखत नाही. सोळा अंकी बँक खाते संख्या म्हणून लिहिले की शेवटचा अंक मुकाट शून्य होतो. पान कुलूपबंद असो वा नसो. माणसाच्या हातापासून रकाना वाचवण्यासाठी एवढा खटाटोप करावा, आणि रकान्याने आपणच आतल्या आत अंक बदलावा, हा प्रकार मला आजही थोडा हास्यास्पद वाटतो.

आता किल्लीच्या जागेकडे येतो, कारण तोच खरा मर्मभाग आहे. मॅक्रोला पासवर्ड द्यावयाचा तर सर्वांत सोपी जागा म्हणजे मॅक्रोच्या मजकुरातच तो अवतरणचिन्हांत लिहिणे, आणि बहुतेक जण तेच करतात. याचा अर्थ काय होतो? एखाद्याने कुलमुखत्यारपत्र लिहून त्यात मुखत्याराचे नाव कोरे ठेवावे आणि ते उघड्या फडताळात ठेवावे, हा तो अर्थ. ज्याच्या हाती मॅक्रो गेला त्याच्या हाती चाळीस गावे गेली. मॅक्रोच्या मजकुरावर पासवर्ड लावून भागेल असे कोणास वाटते, पण ते चौथे कुलूपही, वर सांगितलेल्या तिसऱ्याप्रमाणे, जाणत्या माणसाला अडवणारे नाही. शब्दांची फाईल हेच चोराचे पहिले लक्ष्य, हे संगणकाच्या बाल्यावस्थेतच सिद्ध झाले होते. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९६० च्या दशकाच्या आरंभी अनेकांनी मिळून वापरण्याचा संगणक तयार झाला, प्रत्येकाला स्वतंत्र पासवर्ड मिळाला. आणि १९६२ मध्ये अ‍ॅलन शेर या संशोधकाने, आपल्याला मिळणारा वेळ अपुरा पडतो म्हणून, सगळ्यांच्या पासवर्डची फाईलच छापून मागवली. संगणकाने ती निमूटपणे छापून दिली. पुढे १९६६ मध्ये तेथेच एका गफलतीने तीच फाईल रोजच्या सूचनेऐवजी प्रत्येक वापरकर्त्यासमोर प्रगट झाली. त्यानंतर शब्द मूळ रूपात न साठवता त्याचा गोषवारा साठवण्याची रीत रूढ झाली. कचेरीतला मॅक्रो मात्र अजून १९६२ मध्येच आहे.

उपाय नाहीत असे नाही. काम सुरू होताना मॅक्रोने माणसालाच शब्द विचारावा, तो तेवढ्या वेळापुरता स्मरणात ठेवावा आणि काम संपताच विसरावा, ही सिंगल लॉकची रीत. एवढेच की, साध्या इनपुट-बॉक्समध्ये टंकलेली अक्षरे शेजारच्यालाही दिसतात, तेव्हा तारे दाखवणारी स्वतंत्र चौकट करावी लागते. माणूस हजर राहणारच नसेल तर शब्द विंडोजच्या परवलीकोशात त्या वापरकर्त्याच्या नावे ठेवावा, म्हणजे मॅक्रोची नक्कल दुसऱ्याकडे गेली तरी किल्ली जात नाही. आणि चाळीस फाईलींना एकच शब्द लावू नये, ही तर सांगण्याचीही गरज पडू नये. प्रत्यक्षात गावाचे नाव आणि चालू साल, यापलीकडे शब्दाची कल्पना फारशी जात नाही.

दुहेरी कुलुपाचा खरा वारसदार फाईलींमध्ये नव्हे, तर महसुलाच्या दफ्तरात सापडतो. ई-फेरफारात नोंद तलाठी घेतो आणि प्रमाणित मंडळ अधिकारी करतो. दोघांचे हात लागल्याशिवाय सातबारा बदलत नाही. १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा लोकांच्या हाती आला, तेव्हापासून त्या कागदाला एक नवे मोर्तबही मिळाले: तो कोणीही वाचावा, पण त्यातले एक अक्षर बदलले की स्वाक्षरी खोटी ठरते. तीनशे वर्षांपूर्वीच्या सांध्यावरच्या शिक्क्याचे काम गणिताने हाती घेतले, आणि ते पानाच्या संरक्षणापेक्षा कितीतरी चोख केले. कुलूप कोठे हवे आणि मोर्तब कोठे पुरे, हा विवेक महसूल खात्याने राखला. तक्ता भरणाऱ्या लहान संस्थांना तो कोणी शिकवला नाही.

त्या संस्थांत माणसे बदलतात. गटसचिव निवृत्त होतो, लिपिकाची बदली होते, आणि जाताना तो कार्यभाराची यादी करून देतो: कपाटे दोन, किल्ल्या चार, शिक्के तीन, कीर्दवह्या अमुक, धनादेशपुस्तके तमुक, आणि हल्ली संगणक एक, प्रिंटर एक. फाईलींच्या पासवर्डांचा रकाना त्या यादीच्या छापील नमुन्यात नसतो. कोषागारात दुसरी किल्ली मोहोरबंद लखोट्यात दुसऱ्या गावी जाई, तसा शब्दांचा लखोटा तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे किंवा बँकेच्या शाखेत ठेवावा, त्यावर तारीख आणि दोघांच्या सह्या असाव्यात, आणि कार्यभार देताघेताना तो फोडून नवा करावा. याला शासन-निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. संस्थेच्या मासिक सभेचा एक ठराव पुरतो.